साडेनऊ फुटांची नाव

या भूतलावरील लाकडाच्या एकाही वस्तूवर माझ्या साडूंनी पहिल्या भेटीत विश्वास टाकल्याचे मला आठवत नाही. कोणाच्याही घरी गेले आणि यजमानाने खुर्ची पुढे केली, की ते ती उलटी करून पाहत. पाय कोणत्या लाकडाचे, पाठ कोणत्या, सांध्याला खिळा आहे की खुंटी, हे पाहून झाले की बोटाच्या पेराने दोन ठिकाणी टकटक करून, मान तिरकी ठेवून ऐकत. आणि मग एखाद्या जवळच्या नातेवाइकाचा अपराध पोटात घालावा, तशा चेहऱ्याने तिच्यावर बसत. लांजीला एका लग्नात भटजी मंगलाष्टकांसाठी घसा साफ करीत असताना यांनी नवरदेवाला पाटावरून खाली उतरवले, पाट उचलून पालथा केला आणि भर मांडवात निकाल दिला, "आंबा हाय. पानी लागलं का वाकते." मुलीकडच्यांनी ते त्या संसारावरचे भाष्य मानले. त्या मांडवात मी कोणाचाच कोणी नव्हतो. तरीही क्षमा मागायला मलाच पुढे व्हावे लागले, कारण बसने त्यांना घेऊन येणारा मी होतो.

नाते सांगायचे तर ते माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. बालाघाटला सिंचाई विभागात ड्राफ्ट्समन होते. सारे आयुष्य त्यांनी कालवे, पाट आणि बंधारे कागदावर काढले. जिल्ह्यातल्या प्रत्येक नाल्यात त्यांनी आपल्या हाताने निळी शाई भरली होती, पण पाण्यात पाऊल घालण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ऐंशीच्या सुमारास सरकारी प्रवास-सवलतीवर ते सहकुटुंब पुरीला गेले. कुटुंब देवळात गेले आणि हे चपला सांभाळायला म्हणून बाहेर थांबले ते समुद्राकडे निघाले. संध्याकाळी ताईंना ते वाळूत सापडले. नाक सोललेले, चपला हरवलेल्या, आणि समोर पाण्यावर कोळ्यांची शिडाची एक होडी. "मी जवळून पाह्यली," ते ताईंना म्हणाले, "आत काहीच नाही. नुसतं लाकूड अन् कापड. आपल्याकडं दोन्ही भेटते."

परत आल्यावर महिनाभरात नावेचा आराखडा तयार झाला. लांबी साडेनऊ फूट, डोलकाठी एक, शीड तिकोनी, बसायला दोघे. पावसाळा सरता सरता वैनगंगा भरलेली असते. तेव्हा घाटावरून निघायचे आणि पुलापर्यंत जाऊन परत यायचे, एवढीच त्यांची मनीषा होती. नाव बांधायची ती सरकारी क्वार्टरच्या अंगणात, कारण दुसरे अंगण त्यांच्यापाशी नव्हते. निवृत्त झाले की क्वार्टर सुटणार आणि मुलाकडे भिलाईला, दुसऱ्या मजल्यावर राहायला जावे लागणार, हे ठरलेले होते. म्हणजे नाव व्हायची तर निवृत्तीच्या आत, नाही तर कधीच नाही. हाताशी सात वर्षे होती. सात वर्षांत नाव काय, जहाज होईल, असे आम्हां सर्वांना वाटले. ताईंनी तर बाजारातून जाड कापड आणून तीन आठवड्यांत आपल्या शिवणयंत्रावर शीड शिवून टाकले. बैहरहून डोलकाठीसाठी बांबूही आला. राहिले फक्त लाकूड.

हे "फक्त लाकूड" पुढे माझ्या रविवारांवर येऊन बसले. मी कॉलेजात शिकवीत असे, दोन गल्ल्या सोडून राहत असे आणि मला "नाही" म्हणता येत नसे. सोबत्याच्या जागेसाठी लागणारी सर्व पात्रता माझ्यात होती. सकाळी सातला ते दारात उभे राहत. एका हातात लाकडी हातोडी, दुसऱ्या हातात वही. "साडूभाऊ, चाला. एक माल आलाय म्हनते." मग आम्ही लाकूड चिरणाऱ्या ज्या आरा मशीनवर जात असू, तेथे माझे काम ठरलेले असे. ओंडक्याच्या एका टोकाला कान लावून मी ओणवे व्हायचे आणि दुसऱ्या टोकाला ते हातोडी मारणार.

"काय ऐकू आलं?" ते तिकडून विचारीत.

"टक," मी सांगत असे.

"हौ, पण कसा टक?"

या प्रश्नाचे उत्तर मला शेवटपर्यंत देता आले नाही. मी भीत भीत "बरा वाटला" असे म्हणत असे. ते वहीत काहीतरी लिहीत, स्वतः या टोकाला येऊन ऐकत आणि थोड्या वेळाने त्यांचे बोट कोठेतरी थांबे. तेथे गाठ असे. गाठ नसली तर चीर असे, चीर नसली तर झाड उतारावर वाढल्यामुळे रेषा एका अंगाला दाटलेल्या असत. एकदा लालबर्ऱ्याला सागाचा एक ओंडका असा निघाला की त्यात खरोखर काहीच दोष सापडेना. अर्धा तास ते त्याच्याभोवती फिरले आणि शेवटी खिन्नपणे म्हणाले, "ह्याच्यात काही तरी लपून हाय." तो आम्ही घेतला नाही.

वन डेपोच्या लिलावात तर त्यांनी कमालच केली. ओंडक्यांच्या थप्प्या लागलेल्या, गोंदियाकडचे व्यापारी पान खात उभे, आणि त्यांच्यामधून हे ओंडक्या-ओंडक्याला कान लावीत चाललेले, जसे काही सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांची फेरी निघाली आहे. व्यापाऱ्यांनी तर्क केला की हा कोण्या मोठ्या पेढीचा जाणकार असावा. ज्या थप्पीपाशी हे जास्त वेळ थांबले, तिचा भाव वर जाऊ लागला. "बाबूजी जिस पे कान धरें, वही माल है," असे एकाने दुसऱ्याला सांगितलेले मी ऐकले. तिसऱ्या लिलावाच्या दिवशी एका गृहस्थाने मला बाजूला नेऊन चहा पाजला आणि हळूच विचारले, "आपके साहब किसके आदमी हैं?" ते माझे साडू आहेत आणि त्यांना साडेनऊ फुटांची नाव बांधायची आहे, हे त्या गृहस्थाच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी चहा पिऊन टाकला. साडूंना आवडलेले लाकूड दर वेळी त्यांच्याच कानामुळे त्यांच्या आवाक्याबाहेर गेले. त्यांना मात्र त्याचा विषाद नसे. "गेलं तं गेलं. उजव्या अंगानं एक गाठ होतीच त्याले," असे म्हणून ते सायकलवर बसत.

घरी त्यांनी परीक्षेची वेगळी व्यवस्था केली होती. न्हाणीतल्या पाण्याच्या ड्रममध्ये साग, शिवण, सरई, जांभूळ, बिजा अशा नाना लाकडांचे वीतभर तुकडे दोरीला बांधून सोडलेले असत आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला तारखेची चिठ्ठी. कोणते किती फुगते, किती दिवसांनी बुडते, याच्या नोंदी रोज सकाळी होत. सरई पहिल्याच दिवशी तळाला गेली आणि तिथेच राहिली. बिजाने सगळे पाणी चहासारखे तांबूस केले. बिजाचे पाणी साखरेच्या आजारावर देतात, हे आमच्याकडे सर्वांना माहीत; तेव्हा शेजारचे एक वृद्ध वकील रोज सकाळी तांब्या घेऊन यायला लागले. ताई एकदा माझ्या पत्नीपाशी म्हणाल्या, "माह्या घरी आंघोळीले पानी नाही, अन् लोक येऊन दवाई नेऊन राह्यले. मी काहून गप्प हाव, मलेच समजत नाही." तरी त्या गप्प होत्या. शीड त्यांनी स्वच्छ घडी करून पेटीत ठेवले होते आणि दर दसऱ्याला ते काढून, उन्हात घालून, पुन्हा ठेवीत. एकदा मी सहज विचारले तेव्हा लाजून म्हणाल्या, "दोघं बसतील एवढी जागा हाय म्हनते ना त्यात, भाऊजी."

पाचव्या वर्षी, आम्ही सर्वांनी आशा सोडल्यावर, सागाच्या सहा फळ्या त्यांनी पसंत केल्या. पसंत केल्या म्हणजे त्यांच्यातले दोष वहीत लिहून घेऊन त्यांना क्षमा केली. या फळ्या दोन वर्षे सावलीत वाळवायच्या म्हणून त्या निजण्याच्या खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, एकीवर एक रचल्या गेल्या. त्यावर चादर अंथरली की बाहेरच्या माणसाला तो दिवाण वाटे. मुलासाठी वारासिवनीहून स्थळ आले, तेव्हा मुलीचे वडील, काका आणि मामा नेमके त्या दिवाणावर बसले. बोलणी रंगात आली असताना साडू खाली वाकले, फळीखाली सुतळी ताणून धरली आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, लिहा. तिघांच्या वजनानं दीड सूत वाकली." मुलीचे वडील देहाने भारदस्त होते. ते पटकन उभे राहिले. "आता अर्धं," साडूंनी समाधानाने सांगितले. हे लग्न जमणार नाही, असे मी त्या क्षणी मनाशी ठरवून टाकले होते. पण ते जमले. ती मुलगी फार समजूतदार निघाली.

फळ्या झाल्या तरी नावेचा पुढचा कणा राहिला होता. दोन्ही बाजूंच्या फळ्या जेथे येऊन मिळतात, ते वाकडे लाकूड. आमच्या गल्लीतला मिस्त्री नाव बांधून देणार होता. तो म्हणे, दोन तुकडे जोडून देतो, कोणाच्या बापाला कळणार नाही. यांना ते मान्य नव्हते. सरळ लाकूड कापून वाकडे केले की रेषा तुटतात, आणि रेषा तुटलेले लाकूड पाण्याला फितूर होते, असे त्यांचे मत. झाडच मुळात त्या आकारात वाढलेले पाहिजे. त्या आकाराचा एक साचा त्यांनी पुठ्ठ्यातून कापला आणि पुढची दोन वर्षे आम्ही तो साचा घेऊन बसने हिंडलो. सिवनी रस्त्यावर खिडकीतून पुठ्ठा बाहेर धरून, एक डोळा मिटून, ते धावत्या बसमधून प्रत्येक झाडाला तो लावून पाहत. कंडक्टर मला ओळखू लागला होता. "प्रोफेसर साब, हात अंदर कराओ इनका," असे तो दुरूनच ओरडत असे. मिस्त्रीचा धीर सुटला होता. "साब, देवाच्या घरून बनवून आणू का आता? मेरे तो दात गिरने लगे," तो म्हणाला. निवृत्तीचा महिना जवळ येत होता. क्वार्टर निवृत्तीनंतर दोन महिने ठेवता येते, तेही दोन महिने त्यांनी मागून घेतले, आणि तेही संपत आले.

किल्ली द्यायला तेवीस दिवस उरले असताना लालबर्ऱ्याच्या अलीकडे एका बांधावर ती बाभूळ दिसली. बस थांबवून आम्ही उतरलो. उभ्या धानाच्या कडेकडेने जाऊन त्यांनी पुठ्ठा खोडाला लावला. तो जसा काही त्या झाडावरूनच कापला होता, असा बसला. सात वर्षे आम्ही साग आणि शिवण शोधीत हिंडलो, आणि कणा मिळाला तो शेळ्यांनी पाला ओरबाडलेल्या एका बाभळीत.  साडूंनी हातोडीही काढली नाही. बांधावर मटकन बसले आणि पुठ्ठ्याने वारा घेऊ लागले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला कुऱ्हाडीसह घेऊन आम्ही तिथे गेलो. शेताचे मालक गावचे पटेल होते; म्हातारे, हसतमुख. बाभूळ द्यायला ते कालच तयार झाले होते. मिस्त्रीने खोडाभोवती फिरून हिशेब सांगितला. बाभूळ ओलीच घडवायची असते, वाळली की हत्यार चालत नाही. तेव्हा आज तोडली तर वीस दिवसांत नाव पाण्यात. दोन दिवस राखून. तेवढ्यात साडूंनी आकाशाकडे पाहिले आणि विचारले, "आज तिथी कोनती?"

"तीज," पटेल म्हणाले. "काल कोर दिसली ना."

"म्हंजे उजेडाचा पाख."

आमच्याकडे बांबू असो की बाभूळ, लाकूड तोडायचे ते अंधाऱ्या पाखात, चंद्र उतरत असताना. उजेडाच्या पाखात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो, हे शेतकऱ्याचे पोर देखील जाणते. पण अंधारा पाख लागायला बारा दिवस होते आणि त्यानंतर उरत होते दहा.

"आमी बी पाख पाहूनच तोडतो, साहेब," पटेल म्हणाले, "पन तुमाले घाई हाय तं तोडा आज. भुंगा लागन तं दहा वर्सांनं लागन. तवापावेतो तुमी तरी नाव चालवाले कुठं बसले हा?"

"अन् अशा रेघांची दुसरी कुठं भेटन?" साडू स्वतःशीच म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. सात वर्षांत त्यांनी मला टक ऐकायला सांगितले, टेप धरायला सांगितले, आकडे लिहायला सांगितले. माझे मत कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. "तुमी सांगा, साडूभाऊ. तोडू?"

मिस्त्रीने कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली. पटेल माझ्याकडे पाहून हसत होते. माझ्या मनात स्पष्ट उत्तर होते. तोडा, आत्ता तोडा, चंद्राचे मी बघून घेईन, असे मला म्हणायचे होते. परंतु पुढेमागे त्या लाकडाला खरोखरच भुंगा लागला, तर तो मी सांगितल्यामुळे लागला असे होईल, या विचाराने मी माघार घेतली. मी म्हणालो, "आपल्याला योग्य वाटेल तसे."

त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मी आणखी काही बोलेन, असे त्यांना वाटले असावे. मग त्यांनी पुठ्ठा काखेत मारला आणि म्हणाले, "मंग पाख येऊ द्या."

पाख आला. मिस्त्रीने दहा दिवसांत नाव होणार नाही, असे हात जोडून सांगितले. त्याने खोटे सांगितले नव्हते. बाभूळ बांधावर उभीच राहिली. सागाच्या फळ्या मिस्त्रीला दिल्या आणि त्याने त्यांचे दरवाजे केले. फार चांगले झाले म्हणतात, कोणत्या घराला बसले ते मी विचारले नाही. ठरल्या तारखेला ट्रक आला. साडू नव्या माणसाला किल्ली द्यायला, नळ कोणता गळतो ते दाखवायला आत गेले होते. ताई ट्रकच्या पुढच्या जागेवर, मांडीवर शिडाची घडी घेऊन बसल्या होत्या. मी निरोप घ्यायला खिडकीपाशी गेलो. त्या रागावलेल्या नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, त्याईले हौ म्हननारं कोनी पाह्यजे होतं. मी म्हनलं असतं तं बायकोचं म्हनून सोडलं असतं. तुमाले मानत होते ते."

मी ट्रकच्या दाराच्या कडीकडे पाहत उभा राहिलो.

पुढे भिलाईहून दर महिन्याला त्यांचे पोस्टकार्ड येई. नातू झाला, सूनबाई चांगली वागवते, गुडघे बरे आहेत, असा मजकूर. भाद्रपदात एक पाकीट आले. आत त्यांच्या सुरेख ड्राफ्ट्समनी अक्षरांत मुलाच्या फ्लॅटच्या बाल्कनीचा नकाशा काढलेला होता, कठडे, नळाची मोरी आणि तुळशीची कुंडी यांसह. खाली लिहिले होते: "बाल्कनी साडेआठ फूट भरते. एक फूट कमी पडते. आडवी तिरपी लावून पाह्यली कागदावर, तरी चार इंच राहतातच. बाकी सर्व क्षेम. यंदा नदीले पाणी किती आहे, सवडीने कळवावे."

मी इतकी वर्षे बालाघाटात राहिलो. नदीला पाणी किती आहे हे पाहायला म्हणून कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी कॉलेज सुटल्यावर पुलावर गेलो. वैनगंगा दोन्ही काठ भरून, संथ, घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागून चालली होती. खडक एकही दिसत नव्हता. पश्चिमेकडून वारा होता, आणि तो घाटावरून पुलाकडे येत होता. शिडाच्या नावेला याहून चांगला दिवस मिळणार नाही, हे माझ्यासारख्या अनभिज्ञालाही समजत होते. मी बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिलो. मग पोस्टात जाऊन एक कार्ड घेतले आणि तिथल्याच बाकावर बसून लिहिले: "सप्रेम नमस्कार. आपले पत्र पोहोचले. नदी आज मुद्दाम पाहून आलो. यंदा पाणी अगदी बेताचेच आहे."